रिकाम्या ट्रकातला भरलेला तांब्या

आक्कासाहेब ट्रकमध्ये पुढे बसत नसत. ट्रक त्यांचा स्वतःचा, कॅबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी चांगली गादीची सीट, पण बाई चढायच्या मागच्या हौद्यात. तेही कुठे, तर बरोबर मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर, जिथं बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. तिथं घोंगडीची चौघडी घालायच्या, फिक्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन घट्ट खोचायच्या आणि मांडी घालून बसायच्या. समोर कापडाची चुंबळ, चुंबळीवर पितळेचा तांब्या, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला. मग बाजूच्या फळीवर दोनदा थाप मारायच्या, "चल नन्नू." आणि तो तीन टनी लष्करी ट्रक इंदूरच्या मल्हारगंजाच्या गल्लीतून हळूहळू बाहेर पडायचा. दुकानदार हातातलं काम टाकून बघायचे. हसणारे हसायचे. पण कंदिलाच्या काचा, औषधाच्या बाटल्या नाहीतर चिनी मातीच्या बरण्या कुठं पाठवायच्या असल्या, की तेच हसणारे एकमेकांना सांगायचे, "काच है क्या भिया? तो जीजीसाब की गाड़ी देख लो."

हिंदी-माळवी बोलणारे त्यांना जीजीसाब म्हणत, आम्ही मराठी माणसं आक्कासाहेब. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीच्या कागदांवर यजमानांचं नाव होतं, आणि कागदाबाहेर त्यांना नावानं हाक मारायची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

मध्य भारत नावाचं एक राज्य होतं, हे आता नातवंडांना शपथ घेऊन सांगावं लागतं. होतं बाबांनो. त्याच राज्यात मी ट्रक-मोटारी तपासून पास करायच्या कामावर नवा लागलो होतो. स्नेहलतागंजात भाड्याची खोली, वय चोवीस, खिशात डिप्लोमा आणि डोक्यात हवा. दिसेल त्या गाडीखाली वाकून बघायचं आणि दिसेल त्या ड्रायव्हरला अक्कल शिकवायची, असा माझा त्या वेळचा दिनक्रम. एका सकाळी मी आक्कासाहेबांच्या अंगणात त्यांची गाडी तपासायला गेलो.

गाडीखाली वाकलो तर मागच्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगा, बघून चाटच पडलो. सगळ्या इंदुरात ट्रकवाले मूळच्या कमानीत दोन-दोन, तीन-तीन पट्ट्या जादा घालून घेत, म्हणजे माल जास्त भरता येतो. इथं उलटंच. मूळच्यापेक्षाही एक पट्टी कमी, आणि प्रत्येक पट्टी घासूनपुसून चकचकीत, मध्ये ग्रीसचा हात.

मी बाहेर येऊन गुडघे झाडले आणि पुस्तकी आवाजात म्हणालो, "या सेमी-एलिप्टिक स्प्रिंगा फार मऊ झाल्यात. पूर्ण भार घातला तर गाडी बसेल."

"कमान म्हणा हो, कमान. सोपं पडतं," आक्कासाहेब म्हणाल्या. "पूर्ण भार मी घालतच नाही. तुम्ही गाडी रिकामी चालवून तपासलीत का?"

"रिकाम्या गाडीत काय तपासायचं?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेतला बाक आठवला. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. नन्नू म्हणजे चाळिशीचा, कमी बोलणारा माळवी माणूस, डोक्यावर कायम एक मळकी टोपी. "नन्नू, शेजारच्या गाडीत साहेबांना बडा गणपतीच्या देवळापर्यंत फिरवून आण. पीछे बिठा. और लोटा दे हाथ में."

शेजारच्या व्यापाऱ्याच्या ट्रकला आठवड्यापूर्वीच तीन पट्ट्या वाढवल्या होत्या. मी रिकाम्या हौद्यात ॲक्सलवर बसलो, मांडीत भरलेला तांब्या. पहिल्याच खड्ड्यात मी बसल्या जागेवरून वर उडालो. दुसऱ्यात तांब्या माझ्या छातीवर उपडा झाला. बडा गणपतीपर्यंत जाऊन आलो तेव्हा तांब्यात थेंब नव्हता आणि माझी पॅन्ट अशी भिजली होती की गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मग आक्कासाहेबांनी तोच तांब्या भरून मला स्वतःच्या गाडीत बसवलं. तोच रस्ता, तेच खड्डे, तोच नन्नू. धक्के बसत होते, नाही असं नाही, पण खालून कोणीतरी ते हातावर झेलून मग वर देतंय असं वाटत होतं. परत आलो. बाईंनी तांब्यात बोट बुडवून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दोन बोटं सांडलं," त्या म्हणाल्या.

"दोनच बोटं! अहो, कमाल आहे!"

"दोन बोटं फार झाली," एवढंच बोलून त्या आत गेल्या. मी गाडी पास केली. न करून सांगतो कोणाला.

त्या दोन बोटांचा अर्थ मला नन्नूनं सांगितला, अंगणाच्या कोपऱ्यात चहा पिताना. आक्कासाहेबांचे सासरे इंदूर संस्थानच्या तोफखान्यात, माहेरही तसलंच. त्यामुळं लोखंड, चाक, धुरा हे त्या घरात भाजीपाल्यासारखं बोललं जाई. महायुद्ध संपल्यावर यजमान आबासाहेबांनी डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावात, हा ट्रक घेतला आणि कापसाच्या गाठी वाहायला सुरुवात केली. दुसऱ्यांच्या गाड्या जास्त गाठी नेतात हे बघून आक्कासाहेबांनी स्वतः हट्ट धरला, की आपल्याही कमानीत दोन-दोन पट्ट्या घाला. घातल्या. गाडी दणकून माल ओढायला लागली. बाईंनी गल्लीत पेढे वाटले.

मग संस्थान विलीन झालं त्या वर्षी, नर्मदाकाठच्या बडवाहला गाठी उतरवताना एक गाठ आबासाहेबांच्या अंगावर आली. कंबर मोडली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब इंदूरला न्या. आक्कासाहेब नर्मदास्नानासाठी बरोबर गेल्या होत्या. दुसरं वाहन नव्हतं. रिकाम्या ट्रकमध्ये पेंढा टाकून आबासाहेबांना निजवलं, उशाशी तांब्या भरून ठेवला, जवळ एक गडी बसवला, आणि आक्कासाहेबांना सगळ्यांनी मर्यादेनं पुढे कॅबिनमध्ये बसवलं. सरदारघराण्यातली बाई, मागे उघड्यावर गड्यांबरोबर कशी बसणार? बडवाह सोडलं, भेरूघाट चढला. चालत्या माणसानं गाठावं इतकी हळू गाडी नन्नूनं चालवली. पण पट्ट्या वाढवलेल्या कमानी रिकाम्या गाडीत वाकतातच कुठं? प्रत्येक खड्डा जसाच्या तसा हौद्यात जात होता. घाटावरच्या सिमरोलला गाडी थांबवून बाई मागे आल्या. तांब्या पहिल्या कोसातच उपडा झाला होता. आबासाहेब सारखं पाणी मागत होते, असं तो गडी म्हणाला. त्यानं कॅबिनवर थापा मारल्या होत्या. इंजिनाच्या आवाजात पुढे काही ऐकू आलं नव्हतं. बाई पोचल्या तेव्हा आबासाहेब गेलेले होते.

"मैंने कहा, जीजीसाब, गलती मेरी है," नन्नू बशीकडे बघत म्हणाला. "तो बोलीं, नहीं नन्नू, तेरी नहीं. पट्ट्या मीच घालायला लावल्या. और आगे भी मैं ही बैठी थी."

त्यानंतर बाई कॅबिनमध्ये बसल्या नाहीत. गाडी विकली नाही. आणि एकच गोष्ट मनाशी धरून बसल्या: हा ट्रक बडवाहहून इंदूरला रिकामा यायला हवा, आणि तांब्यातलं पाणी तांब्यात राहायला हवं. ते होईपर्यंत बडवाहच्या रस्त्याला गाडी घालायची नाही. जवळच्या राऊ गावापर्यंत जायचं, परत यायचं, बोट बुडवून बघायचं. पहिल्या वर्षी तांब्या अर्धा व्हायचा. मी गेलो ते चौथं वर्ष, दोन बोटांवर काम आलं होतं.

मी ते ऐकून खोलीवर आलो आणि माझा डिप्लोमा भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला. नाटकी वाटेल, पण खरं सांगतो, लाज वाटली. मग दर रविवारी माझे पाय आपोआप मल्हारगंजाकडे वळायला लागले.

त्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. तलवार कधीच कोणा दिराकडे गेली होती. मग आक्कासाहेब कशाची पूजा करायच्या? कमानींची! आदल्या दिवशी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, मागच्या दोन्ही कमानी उतरवायच्या, पट्टी न् पट्टी सुटी करून गंज घासायचा. "गंजलेल्या पट्ट्या एकमेकींना धरून बसतात, सरकत नाहीत. मग दहा पट्ट्या असल्या काय आणि एक ठोकळा असला काय," त्या म्हणायच्या. मग अंगणात पाट मांडून त्यावर पट्ट्या, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मग ग्रीस लावून परत चढवायच्या.

माझ्या पहिल्या दसऱ्याला बाईंनी मला मान दिला. "इंजिनियर, पूजा मांडा." झालं! मला आला उत्साह. आक्कासाहेब डाव्या कमानीच्या पट्ट्या डावीकडच्या पाटावर, उजवीच्या उजवीकडे, अशा नुसत्या ढिगानं ठेवायच्या. मला ते गबाळं वाटलं. मी सगळ्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावून मोठी कमळासारखी रचना केली, मध्ये नारळ. गल्ली बघायला आली. बाई आतून नैवेद्य घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आरती झाली, प्रसाद झाला, मग शांतपणे विचारलं, "आता डावी कोणती आणि उजवी कोणती?"

मी दोन-चार पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. लांबीला दोन्हीकडच्या पट्ट्या सारख्याच. पण वर्षानुवर्षं जोडीनं काम करून प्रत्येकीचा बाक आपल्या शेजारणीला बसलेला. अंदाजानं चढवल्या. गाडी एका अंगाला कलली आणि तिरकी चालायला लागली, तोंड एकीकडे, ढुंगण एकीकडे, रस्त्यातलं कुत्रं धावतं तशी. नन्नू हसला नाही हे त्याचे उपकार.

मग आक्कासाहेबांनी रांगोळीचा डबा आणला. अंगणात पाणी शिंपडून जमीन ओली केली, त्यावर रांगोळीच्या बारीक सरळ रेघा ओढल्या आणि नन्नूला गाडी अगदी हळू पुढे न्यायला सांगितली. पुढच्या चाकाचा माग आणि मागच्या जोडचाकांचा माग दोन्ही बाजूंना वितीनं मोजले. डावीकडे मागची चाकं जेवढी बाहेर, उजवीकडे त्यापेक्षा दोन बोटं कमी. मग सुतळी घेतली, कमानीच्या पुढच्या खिळीपासून ॲक्सलपर्यंत दोन्हीकडे ताणली. एका बाजूचं ॲक्सल बोटभर मागे. मी गडबडीत मधला बोल्ट त्याच्या खोबणीत बसवलाच नव्हता, कमान ॲक्सलला बांधणारे नुसते यू-बोल्ट आवळले होते. हे शोधायला त्यांना सकाळचा प्रहरसुद्धा लागला नाही. पट्ट्यांच्या जोड्या मात्र परत जुळवायला चार दिवस गेले, एकेक घालायची, काढायची, बाक बोटानं चाचपायचा.

मी त्यांच्या पाया पडलो. "आक्कासाहेब, चुकलं माझं."

"मांडली मात्र छान होती हो," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यानंतर लोहाराकडून डाव्या पट्ट्यांवर छिन्नीची एक खूण आणि उजव्यांवर दोन खुणा पाडून घेतल्या. दर दसऱ्याला त्या खुणांत कुंकू भरायचं काम माझ्याकडे आलं.

असं असूनही दोन बोटं काही कमी होईनात. पट्टी अजून एक काढली तर काचेचा मालही पेलेना, बरण्या भरल्या की गाडी खाली टेकायची. घातली तर रिकामी गाडी उडायची. बाईंची झोप उडाली होती. अशात एकदा आम्ही महूला बाटल्या पोचवून परत येत होतो. छावणीच्या कडेला दोन मागच्या ॲक्सलांचा एक राक्षसी लष्करी ट्रक उभा होता. आक्कासाहेबांनी फळीवर थाप मारली. गाडी थांबली. बाई उतरल्या, लुगड्याचा ओचा वर खोचला आणि सरळ त्या ट्रकखाली गेल्या! अहो, फौजेचा ट्रक! मला घाम फुटला. पहारेकरी जवान धावत आला, खाली वाकला.

"माताजी! यहाँ क्या कर रही हो?"

"बेटा, तेरी गाड़ी के पैर देख रही हूँ," आतून आवाज आला. "जरा बत्ती दिखा."

आणि त्या पोरानं, देवाशपथ, खिशातली बॅटरी काढून धरली. बाई आतूनच मला हाका मारून दाखवत होत्या. दोन ॲक्सलांच्या मधोमध कमान उलटी बसवलेली, तराजूच्या दांडीसारखी. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं वर, हौदा आपला जाग्यावर. बाई "वा, वा," करत होत्या, गाणं ऐकावं तशा. पण त्या अडकल्या तिसऱ्याच गोष्टीवर. शेजारी एक साधा ट्रक होता, त्याच्या कमानीवर आणखी एक छोटी कमान बसवलेली, आणि तिची दोन्ही टोकं अधांतरी. कशालाच टेकलेली नाहीत.

"ये ऊपरवाली तो किसी को छूती ही नहीं. मग आहे कशाला?" त्यांनी जवानाला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. डिप्लोमाच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, नावही पाठ होतं, पण ती तिथं का असते हे मी कधी मनाला विचारलं नव्हतं.

मग तीन दिवस आक्कासाहेब उंबऱ्यात बसून समोरच्या गोदामातले हमाल बघत होत्या. चौथ्या दिवशी रविवार, मी गेलो तर मला हाताला धरून उंबऱ्यात बसवलं.

"तो बघा. एकटा चाललाय, हात हलवत, कंबर मोकळी. आता बघा, मोठं पोतं आलं. तो वाकला. आणि वाकला तेव्हाच तो दुसरा पुढे झाला, खांदा लावला. आधी नाही लावला. रिकाम्या माणसाला खांदा लावला तर दोघं अडखळतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वरची कमान तो दुसरा हमाल आहे. गाडी भरून खाली बसली, की चेसिसचे टेकू तिच्या टोकांवर येतात. रिकामी असली की ती नुसती बाजूनं चालते. इंजिनियर, मी दोन्ही हमाल एकाच पोत्याला बांधून ठेवले होते हो. तेव्हाही."

'तेव्हाही' म्हणजे आबासाहेबांना आणताना. मी कागद काढला आणि आपल्या गाडीलाही तशीच वरची कमान बसवायची म्हणून टेकूचं चित्र काढायला लागलो.

टेकू आणि वरची कमान यांच्यात मी दोन बोटं अंतर धरलं होतं, आकडेमोड करून. बाईंनी चित्र बघून "चार" म्हटलं. मी वाद घातला, पुस्तक दाखवलं. लोहारानं माझ्या मापानं बनवलं, आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला वरची कमान खाडकन टेकूवर आपटायला लागली. चार बोटांवर नेली, आवाज बंद. खालच्या कमानीतली आणखी एक पट्टी आता बिनधास्त काढता आली. राऊपर्यंत गेलो, आलो. आक्कासाहेबांनी तांब्यात बोट घातलं. पाणी पेरभरसुद्धा खाली गेलं नव्हतं. त्यांनी ते ओलं बोट कपाळाला लावलं.

"नन्नू," त्या म्हणाल्या, "बडवाहचा माल घे."

थंडीचे दिवस होते. बरण्या भरून आम्ही निघालो. मी रजा काढली होती. सकाळी बडवाहला माल उतरला, एक बरणी तडकली नाही. गाडी रिकामी झाली. आक्कासाहेबांनी स्वतः नर्मदेवर जाऊन तांब्या भरून आणला, चुंबळीवर ठेवला, आणि त्या थाप मारणार एवढ्यात चार माणसं एक खाट उचलून धावत आली. विहिरीचं काम करणारा एक जण दगडावर पडला होता. कंबर गेली होती. मागून त्याची बायको, पायात काही नाही. डॉक्टरांनी इंदूरला न्यायला सांगितलंय, आणि रिकामी गाडी ही एकच आहे.

आक्कासाहेब उठून उभ्या राहिल्या. पांढऱ्याफटक पडल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "नन्नू, नाही. दुसरी गाडी बघायला सांग यांना. पाणी नेते मी. माणूस नाही नेणार. मला नाही जमायचं."

फौजेच्या ट्रकखाली शिरणारी ती बाई हौद्याच्या कोपऱ्यात जाऊन फळी धरून उभी होती. नन्नू कॅबिनमधून उतरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली; तोपर्यंत मी त्याला बोडक्यानं बघितलं नव्हतं.

"जीजीसाब, सात साल से ये गाड़ी हम किसके लिए बना रहे हैं? पानी के लिए?"

त्या बाजूला सरल्या आणि स्वतःची घोंगडी उलगडून ॲक्सलच्या थोडी पुढे अंथरली. "इथं निजवा. हळू. पाय नका ओढू, खालून हात घाला."

माणसं त्याच्या बायकोला सवयीनं पुढे कॅबिनकडे न्यायला लागली. "बाई को आगे बिठा दो," कोणीतरी म्हणालं.

"नाही!" आक्कासाहेब एवढ्या जोरात ओरडल्या की सगळे दचकले. "ती पुढे नाही बसणार. ती इथं बसेल, त्याच्याजवळ." त्यांनी खाली वाकून तिला स्वतः हात दिला, वर ओढून घेतलं आणि तांब्या तिच्या समोर ठेवला. "हे धरून बस. हे तुझं काम."

भेरूघाट मी नंतर कितीदा पार केला असेल. त्या दिवशीसारखा नाही. बाई त्या माणसाच्या पायाशी बसल्या होत्या, एक तळहात फळ्यांवर पालथा टेकून, गाडी खालून काय सांगते ते ऐकत. वळणं येत होती, दगड येत होते. हौदा वर यायचा, खाली जायचा, पण सावकाश, श्वास घेतल्यासारखा. तो माणूस कण्हत होता. कण्हतोय म्हणजे आहे, असं मी मनात म्हणत होतो. घाट सरला आणि त्यानं डोळे उघडले, बायकोकडे बघितलं.

"पाणी," तो म्हणाला.

मी आक्कासाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. त्याच्या बायकोनं तांब्या उचलला. भरलेला होता हो! गळ्याच्या जरासं खाली, बस. तिनं पदराचं टोक त्यात बुडवून त्याचे ओठ ओले केले, मग ओंजळीनं दोन घोट दिले. पाणी प्यायल्याचा आवाज ऐकला तेव्हा आक्कासाहेबांनी डोळे उघडले, आणि त्या हमसून हमसून रडल्या. सिमरोल आलं, गेलं. नन्नूनं गाडी थांबवली नाही.

दुपारच्या आत आम्ही इस्पितळात होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या मोटारीतून आणलं. नन्नूनं बोटानं ट्रक दाखवला तर त्यांचा विश्वास बसेना. तो माणूस वाचला; पुढे काठी घेऊन चालायला लागला असं नन्नूनं मला कळवलं. वर्षभरात राज्य पुन्हा बदललं, माझी बदली जबलपूरकडे झाली, आणि मल्हारगंजातलं ते अंगण मला सुटलं. म्हणून त्या दुपारचंच चित्र माझ्याकडे शेवटचं राहिलं आहे.

खाट आत गेली होती. त्याची बायको तांब्या परत द्यायला आली, तर आक्कासाहेबांनी तो तिच्या हातातच राहू दिला. "ठेव. आत लागेल," म्हणाल्या. मी सवयीनं मागची फळी उघडून धरली, त्या चढतील म्हणून. त्या माझ्यापाशी आल्या, फळीवर एकदा हात फिरवला आणि पुढे चालत गेल्या. कॅबिनचं दार जाम झालं होतं. त्यांना ते उघडेना. नन्नू आतून सरकत आला, त्यानं खांदा मारून दार उघडलं, सीटवरची सात वर्षांची धूळ टोपीनं झटकली आणि तोंड दुसरीकडे वळवून बसला. आक्कासाहेब वर चढल्या. पदर सारखा केला. हात मांडीवर ठेवून समोर रस्त्याकडे बघायला लागल्या.

"इंजिनियर," त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "मागे बसा. आणि काही लागलं तर थाप मारा. आता ऐकू येईल मला."